विश्वाचे जाळे आणि त्यातला प्लाझ्मा

पुण्याच्या आयुका संस्थेतील जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधून काढला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. आपल्यापासून सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेली ही रचना साठ कोटी प्रकाशवर्षे पसरलेली आहे. तिच्यात चाळीसहून अधिक दीर्घिकासमूह आणि गट आहेत आणि तिचे वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांएवढे भरते. विश्वाच्या नकाशावर अशा गाठी, त्यांना जोडणारे लांबच लांब तंतू आणि मधल्या विस्तीर्ण पोकळ्या यांचे एक जाळे दिसते. नकाशावरचे ठिपके म्हणजे दीर्घिका. पण ठिपक्यांमध्ये जी जागा रिकामी दिसते ती रिकामी नाही. तिथे अतिविरळ प्लाझ्मा भरलेला आहे आणि विश्वातले बहुतेक सारे साधे द्रव्य ताऱ्यांत नसून त्या प्लाझ्मात आहे.

मग हे जाळे विणले कोणी? एकट्या गुरुत्वाकर्षणाने, की प्लाझ्मातल्या विद्युतप्रवाहांनी आणि चुंबकीय क्षेत्रांनी? हा वाद गेली साठ वर्षे कधी जोरात, कधी दबक्या आवाजात चालू आहे. एका बाजूने प्लाझ्माला विश्वाचा कर्ता ठरवले गेले. दुसऱ्या बाजूने विश्वरचनाशास्त्राच्या पुस्तकांनी त्याला इतके दुय्यम मानले की कित्येकांत चुंबकीय क्षेत्राचा उल्लेखही सापडत नाही. माझे मत असे की पहिला दावा मोजमापांपुढे टिकलेला नाही आणि दुसरी उपेक्षा आता परवडणारी नाही.

प्लाझ्मा म्हणजे ज्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू. १९२८ साली अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने विद्युतभारित वायूसाठी हा शब्द रूढ केला. वीज कडाडते तेव्हाची प्रकाशरेषा, वेल्डिंगच्या टोकाची ठिणगी, पेटलेल्या ट्यूबलाइटच्या आतला वायू, सूर्य आणि तारे, सारा प्लाझ्माच. ‘विश्वातले ९९ टक्के द्रव्य प्लाझ्मा अवस्थेत आहे’ हे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ते साध्या, म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांनी बनलेल्या द्रव्यापुरते ढोबळमानाने खरे आहे. आणि हे साधे द्रव्य विश्वाच्या एकूण जमाखर्चात जेमतेम पाच टक्के. प्लँक उपग्रहाच्या मोजणीप्रमाणे सुमारे २७ टक्के वाटा कृष्णद्रव्याचा आणि ६८ टक्के कृष्ण ऊर्जेचा. प्लाझ्माची बाजू मांडताना हा पाच टक्क्यांचा आकडा बहुधा गाळला जातो.

प्लाझ्माच्या बाजूचा सर्वांत जुना युक्तिवाद ऐकताक्षणी पटतो. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातले विद्युत आकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या १०³⁹ पटींनी अधिक आहे. एकावर ३९ शून्ये! इतके बलाढ्य बल हाताशी असताना विश्वाची रचना दुबळ्या गुरुत्वाकर्षणाने का ठरवावी? उत्तर प्लाझ्माच्या स्वभावातच आहे. प्लाझ्मात धन आणि ऋण भार समसमान असतात. कुठे जरा धन भार जास्त झाला की भोवतालचे इलेक्ट्रॉन धावून येतात आणि त्याचा प्रभाव झाकून टाकतात. हा प्रभाव किती अंतरापर्यंत पोहोचतो याचे एक साधे सूत्र आहे. दीर्घिकासमूहातला प्लाझ्मा घेऊ. तापमान दहा कोटी अंश, घनता घनमीटरमागे हजारभर कण. उत्तर येते सुमारे वीस किलोमीटर. लक्षावधी प्रकाशवर्षे पसरलेल्या समूहात एखाद्या सुट्या भाराची हाक पुण्याहून सासवडच्याही अलीकडे विरते. गुरुत्वाकर्षणाला मात्र ऋण बाजू नसते. ते झाकता येत नाही, ते साठतच जाते. मोठ्या अंतरांवर दुबळे बल बलवान ठरते ते यामुळे.

चुंबकीय क्षेत्रांचे तसे नाही. ती झाकली जात नाहीत, दूरवर पसरतात आणि प्लाझ्माला धरून राहतात. वादाचा खरा जीव इथे आहे आणि तो समजायला उत्तर युरोपात जावे लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या क्रिस्तियन बिर्केलँड यांनी निर्वात पेटीत एक छोटा चुंबकित गोल टांगला आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. तो गोल म्हणजे पृथ्वीची प्रतिकृती. झोत सुरू होताच गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. ध्रुवीय प्रकाश हा सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांमुळे उमटतो आणि ते कण चुंबकीय रेषांच्या वाटेने खाली उतरतात, असे त्यांचे म्हणणे होते. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या मातब्बर भूभौतिकी शास्त्रज्ञाने ते मानले नाही. चॅपमन यांचे गणित सुबक होते आणि पुढची कित्येक दशके तेच शिकवले गेले. बिर्केलँड १९१७ मध्ये टोकियोत वारले. १९६० आणि ७० च्या दशकांत उपग्रह वर गेले आणि त्यांच्या चुंबकमापकांनी चुंबकीय रेषांच्या वाटेने वाहणारे हे विद्युतप्रवाह प्रत्यक्ष नोंदवले. आज त्यांना बिर्केलँड प्रवाह म्हणतात.

स्वीडनचे हानेस आल्फव्हेन यांनी हा वारसा उचलला. १९४२ साली त्यांनी दाखवून दिले की विद्युतवाहक द्रवात चुंबकीय रेषा ताणलेल्या तारांसारख्या थरथरतात आणि त्या थरथरीच्या लाटा पुढे सरकतात. आधी कोणी विश्वास ठेवला नाही. आज त्या आल्फव्हेन लाटा म्हणून ओळखल्या जातात आणि सूर्याच्या बाह्य वातावरणाच्या अभ्यासात त्यांच्यावाचून पान हलत नाही. १९५० मध्ये आल्फव्हेन आणि निकोलाई हेर्लोफसन यांनी सुचवले की अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींचा उगम चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांत असावा. आज रेडिओ खगोलशास्त्राचा मोठा भाग याच कल्पनेवर उभा आहे. १९७० साली आल्फव्हेन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी बजावले की चुंबकीय रेषा प्लाझ्मात गोठलेल्या असतात ही आपणच पुढे आणलेली कल्पना लोक नको तिथे वापरत आहेत. आपल्याच सिद्धांताच्या मर्यादा इतक्या मोठ्या व्यासपीठावरून सांगणारे शास्त्रज्ञ विरळाच, आणि मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

प्रयोगशाळेत आणि पृथ्वीभोवती जे खरे ठरले तेच सर्व प्रमाणांवर खरे असणार, ही आल्फव्हेन यांची पुढची उडी. ओस्कर क्लाइन यांच्यासह त्यांनी १९६० च्या दशकात असे विश्व कल्पिले की ज्यात द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांचा मिश्र प्लाझ्मा होता, दोघांच्या सीमेवर परस्परनाश चालू होता आणि त्या रेट्याने दीर्घिका एकमेकींपासून दूर ढकलल्या गेल्या. महास्फोटाची त्यांना गरज वाटत नव्हती. १९८६ साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या अँथनी पेराट यांनी संगणकावर दोन समांतर विद्युततंतू एकमेकांजवळ आणले. ते एकमेकांभोवती पिळले जाऊन त्यांच्या छेदाला सर्पिल दीर्घिकेसारखा आकार आला. ती चित्रे खरोखर विलोभनीय होती. १९९१ मध्ये एरिक लर्नर यांनी महास्फोट झालाच नाही असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि हा विचार सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. दीर्घिकांच्या नकाशांत तेव्हा नुकत्याच भिंती आणि तंतू दिसू लागले होते. मार्गारेट गेलर आणि जॉन हुकरा यांनी १९८९ साली जाहीर केलेल्या ‘महाभिंती’ची चर्चा ताजी होती. तंतू म्हणजे प्लाझ्मा, हे समीकरण मांडायला याहून चांगली वेळ नव्हती.

त्यानंतरच्या मोजमापांनी मात्र हे चित्र मोडले, आणि तेही एकदाच नव्हे.

पहिला आघात सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा. सर्व दिशांनी येणारे हे मंद प्रारण पेन्झियास आणि विल्सन यांना १९६४-६५ मध्ये सापडले होते. १९८९ च्या नोव्हेंबरात कोबी उपग्रह सोडला गेला आणि जानेवारी १९९० मध्ये जॉन मॅदर यांनी अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत त्या प्रारणाचा वर्णपट पडद्यावर दाखवला. केवळ नऊ मिनिटांच्या निरीक्षणातून काढलेले बिंदू सैद्धांतिक वक्रावर तंतोतंत बसले होते. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. इतका निर्दोष वर्णपट एकाच तापमानाला स्थिरावलेल्या वस्तूचा असतो, इथे २.७२५ केल्विनच्या. जागोजागच्या तंतूंनी ताऱ्यांचा प्रकाश शोषून पुन्हा बाहेर टाकला, असे लर्नर यांचे स्पष्टीकरण होते. पण अवकाश सूक्ष्मलहरींना इतके अपारदर्शक असते तर अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे रेडिओस्रोत आपल्याला दिसलेच नसते. ते तर दिसतात.

महाराष्ट्राशी या वादाचा एक सरळ दुवा आहे. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली अर्धस्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला. तो प्लाझ्माचा सिद्धांत नव्हता. त्यात ताऱ्यांचा प्रकाश लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी एकसारखा केला असे गृहीत होते. बहुसंख्यांचे एकमत हा पुरावा नव्हे, हा नारळीकरांचा आग्रह मला आजही मोलाचा वाटतो. त्यांचा सिद्धांत मागे पडला तोही मोजणीमुळेच पडला, आणि विज्ञानात असेच व्हायला हवे.

दुसरा आघात माझ्या मते सर्वांत सखोल आहे, कारण तो प्लाझ्माच्याच भौतिकशास्त्रातून आला. महास्फोटानंतरची सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे सारे विश्व प्लाझ्मा होते. प्रकाश इलेक्ट्रॉनांवर आदळत असल्याने तो आणि प्लाझ्मा एकजीव होऊन राहिले होते. कुठे द्रव्य थोडे दाटले की गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढी आणि प्रकाशाचा दाब बाहेर ढकली. या ओढाताणीतून आवाजाच्या लाटा उठल्या, प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावणाऱ्या. मग विश्व थंड होत सुमारे तीन हजार केल्विनवर आले, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडीने अणू बनले, प्रकाश सुटला आणि लाटा होत्या तिथेच थिजल्या.

तीन हजारच का? हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणारी ऊर्जा तापमानात मांडली तर दीड लाख अंशांच्या घरात जाते. मग विश्व दीड लाख अंशांवर आले तेव्हाच अणू का जुळले नाहीत? याचे उत्तर मेघनाद साहा यांच्या समीकरणात आहे. १९२० साली त्यांनी ते सूर्याच्या वातावरणासाठी मांडले. तापमान आणि घनता दिली की वायूचा किती अंश आयनरूपात असेल ते त्यातून निघते. विश्वात प्रत्येक प्रोटॉनमागे दीड अब्जाहून अधिक फोटॉन आहेत. सरासरी फोटॉन दुबळा झाला तरी इतक्या गर्दीत मूठभर जोरकस फोटॉन उरतातच आणि ते बनलेले अणू पुन्हा फोडत राहतात. त्यामुळे प्लाझ्माची अवस्था कितीतरी लांबली. काटेकोर हिशेबासाठी पुढे १९६८ साली जेम्स पीबल्स यांनी आणि स्वतंत्रपणे झेल्डोविच यांच्या रशियन गटाने अधिक सखोल गणित केले, पण सुरुवात साहांच्या समीकरणानेच होते. अलाहाबाद आणि कोलकात्यात अध्यापन केलेल्या या शास्त्रज्ञाचे समीकरण विश्वाच्या आद्य इतिहासाचे दार उघडते, हे आपल्या शाळांतून ठळकपणे सांगितले जावे.

थिजलेल्या लाटांचा ठसा दोन ठिकाणी सापडला. एक पार्श्वप्रारणाच्या लक्षांश चढउतारांत. दुसरा दीर्घिकांच्या विखुरणीत. २००५ साली स्लोन सर्वेक्षणाच्या आणि ऑस्ट्रेलियातून झालेल्या एका सर्वेक्षणाच्या चमूंनी दाखवले की दीर्घिकांच्या जोड्या सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर अपेक्षेपेक्षा किंचित जास्त आढळतात. आद्य प्लाझ्मातल्या आवाजाने त्या काळात कापलेले अंतर विश्वाबरोबर प्रसरण पावून आज इतके झाले आहे. ॲरिझोनातील किट पीकवर चाललेले डेसी सर्वेक्षण याच मोजपट्टीने विश्वाचे प्रसरण मोजते. २०२५ मध्ये त्याने १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार यांच्या आधारे, कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत दिले. प्लाझ्माने विश्वाच्या महारचनेवर सोडलेली ही सर्वांत स्पष्ट सही आहे. पण ती आवाजाची सही आहे, विद्युतप्रवाहाची नव्हे.

आता याच प्लाझ्माने कृष्णद्रव्याची गरज कशी सिद्ध केली ते पाहा. अणू जुळेपर्यंत साध्या द्रव्याला दाटता येत नव्हते, प्रकाशाचा दाब त्याला रोखून धरत होता. सुटका झाली तेव्हा चढउतार लाखात एक या प्रमाणात होते. तेव्हापासून आजवर विश्व सुमारे ११०० पट प्रसरण पावले, आणि गुरुत्वाकर्षणाने चढउतार साधारण तितक्याच पटींनी वाढतात. लक्षांशाचे फार तर शतांश झाले असते. दीर्घिका बनायला घनता सरासरीच्या कितीतरी पट व्हावी लागते. म्हणजे केवळ साध्या द्रव्याचे विश्व आजही जवळजवळ सपाट राहिले असते आणि हा लेख लिहायला कोणी नसते. प्रकाशाशी देणेघेणे नसलेले काही द्रव्य आधीच दाटू लागलेले असले तरच हिशेब जुळतो. नदीचे पात्र कृष्णद्रव्याने आधी कोरले आणि प्लाझ्माचे पाणी मागून त्यातून वाहिले.

तिसरा आघात २००६ सालचा. दक्षिण आकाशात सुमारे पावणेचार अब्ज प्रकाशवर्षांवर दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. या जोडगोळीला बुलेट समूह म्हणतात. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रात त्यांचा तप्त प्लाझ्मा दिसतो. एका बाजूला बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार ढग, त्याच्यापुढे आघातलहरीची कमान. दोन्हीकडचा प्लाझ्मा एकमेकांवर आपटून मंदावला आणि मध्ये अडकला. दीर्घिका विरळ असल्याने न आपटता पुढे निघून गेल्या. या समूहांत प्लाझ्माचे वस्तुमान ताऱ्यांच्या कैक पट. म्हणून प्लाझ्मा हाच मुख्य असेल तर मागच्या दीर्घिकांचा प्रकाश सर्वांत जास्त मधल्या भागात वाकायला हवा. डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा तो वाकताना दिसला दोन्ही बाजूंना, दीर्घिकांपाशी. वस्तुमान तिथे होते आणि प्लाझ्मा तिथे नव्हता.

पेराट यांच्या सर्पिल चित्रांनाही एक सरळ उत्तर आहे. दीर्घिकेतला वायू चुंबकीय बलाने फिरत असेल असे क्षणभर धरू. पण सूर्यासारख्या जड गोळ्याला दीर्घिकेचे क्षीण चुंबकीय क्षेत्र हलवू शकत नाही. आणि तारे व वायू दीर्घिकेच्या केंद्राभोवती जवळपास एकाच वेगाने फिरतात. दोघांना सारखेच खेचणारे बल एकच आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्लाझ्माचा अध्याय संपला. माझ्या मते खरा अध्याय इथून सुरू होतो. कारण पात्र कोरले गेल्यावर त्यात पाणी कसे वाहिले, कुठे अडले, कुठे तापले, तारे कुठे जन्मले आणि कुठे जन्मू शकले नाहीत, हे सारे प्लाझ्माने ठरवले. विश्व एकदा नव्हे, दोनदा प्लाझ्मा झाले. पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशाने हायड्रोजनचे अणू पुन्हा फुटले आणि महास्फोटानंतर अब्जभर वर्षांत आंतरदीर्घिकीय वायू पुन्हा आयनित झाला. तो तापल्याने कृष्णद्रव्याच्या लहान खळग्यांत उतरेनासा झाला, आणि कित्येक छोट्या दीर्घिका जन्माआधीच खुंटल्या.

दीर्घिकासमूहांत प्लाझ्माचे हे राज्य डोळ्यांत भरते. समूहाच्या वस्तुमानात ऐंशी टक्क्यांहून अधिक कृष्णद्रव्य, दहा-पंधरा टक्के तप्त प्लाझ्मा आणि दीर्घिकांतले सारे तारे मिळून काही थोडे टक्के. १९७० साली सोडलेल्या उहुरू उपग्रहाने समूहांतून येणारे क्ष-किरण टिपले तेव्हापासून हा प्लाझ्मा अभ्यासता येऊ लागला. त्यातल्या कणाला दुसऱ्या कणाची गाठ पडायला हजारो प्रकाशवर्षे जावे लागते. खरे तर अशा वायूने द्रवासारखे वागूच नये. पण तिथे पृथ्वीच्या क्षेत्राहून लाखो पटींनी क्षीण असे चुंबकीय क्षेत्र आहे आणि त्यात प्रोटॉनच्या गिरकीची त्रिज्या भरते दीडेक लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या निम्म्याहून कमी. कण बांधले जातात, उष्णता आडवी जाऊ शकत नाही, थंड ढग गरम वायूत टिकून राहतात. दाबाच्या हिशेबात चुंबकीय क्षेत्राचा वाटा एखाद-दोन टक्के असतो, पण वायूचा सगळा स्वभाव त्याच्यावर ठरतो.

ययाती तारकासमूहातला दीर्घिकासमूह हे याचे उत्तम उदाहरण. त्याच्या गाभ्यातला प्लाझ्मा इतका दाट आहे की क्ष-किरण सोडून तो अब्जभर वर्षांच्या आत थंड व्हावा आणि तिथे ताऱ्यांचा पाऊस पडावा. तसे होत नाही. २००३ साली अँड्र्यू फेबियन आणि सहकाऱ्यांनी चंद्रा दुर्बिणीच्या प्रदीर्घ निरीक्षणात मधल्या दीर्घिकेभोवती मोठमोठे बुडबुडे आणि त्यांच्या पलीकडे एकामागून एक कडी पाहिली. त्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या झोतांनी बुडबुडे फुगवले आणि त्या धक्क्यांनी आवाजाच्या लाटा पसरल्या. मधल्या ‘सा’च्या कितीतरी सप्तके खाली, कोटीभर वर्षांत एक आंदोलन. २०१६ मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहाने याच प्लाझ्मातली खळबळ मोजली. वेग निघाला सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर, म्हणजे अपेक्षेहून बराच शांत वायू. त्यानंतर उपग्रहच निकामी झाला, सुटल्यापासून सहा आठवड्यांच्या आत. त्याचे काम २०२३ मध्ये सोडलेला क्रिझम उपग्रह पुढे नेत आहे. कृष्णविवराची ऊर्जा गाभ्यातल्या प्लाझ्माला थंड होऊ देत नाही, पण त्या तापवण्यात लाटा किती, खळबळ किती आणि वेगवान कण किती, यावर अजून एकमत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण या प्रश्नात अगदी मध्यभागी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी टिपतात, आणि समूहांतले म्हातारे, दमलेले इलेक्ट्रॉन नेमके याच लहरींत दिसतात. काही समूहांत दहा-दहा लाख प्रकाशवर्षांहून मोठे रेडिओ तेजोमंडल आढळते. अडचण अशी की हे इलेक्ट्रॉन दहाएक कोटी वर्षांत ऊर्जा गमावतात. एवढ्या काळात ते मंडलाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊच शकत नाहीत, म्हणजे त्यांना वाटेत कुठेतरी नवा जोर मिळतो. इटलीच्या टिझियाना व्हेंटुरी आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर केलेले सर्वेक्षण आणि पुढे एनसीआरए या पुण्यातील रेडिओ खगोलशास्त्र संस्थेच्या रुता काळे यांनी वाढवलेले सर्वेक्षण यांतून एक गोष्ट ठसठशीत झाली. तेजोमंडले बहुतांशी एकमेकांवर आदळलेल्या समूहांत मिळतात आणि शांत समूहांत मिळत नाहीत. टकरीने प्लाझ्मात खळबळ माजते आणि ती इलेक्ट्रॉनांना पुन्हा वेग देते. २०२० साली भुजंगधारी तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहात तोवरच्या सर्वांत प्रचंड कृष्णविवरी स्फोटाची खूण पटली तीही क्ष-किरणांतल्या पोकळीत जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीला रेडिओप्रकाश दिसला म्हणूनच.

दुसरा मोठा प्रश्न हरवलेल्या द्रव्याचा होता. आद्य विश्वातून साध्या द्रव्याचा जो आकडा मिळतो त्याच्या तुलनेत जवळच्या विश्वात मोजले तर मोठा हिस्सा सापडतच नव्हता. रेन्यू सेन आणि जेरेमाया ऑस्ट्रायकर यांनी १९९९ मध्ये संगणकी गणितावरून सांगितले की तो तंतूंमध्ये, लाख ते कोटी अंश तापमानाच्या विरळ प्लाझ्मात दडला असणार. तो दाखवायचा कसा? उत्तर अनपेक्षित दिशेने आले. काही हजारांश सेकंद टिकणारे रेडिओस्फोट दूरच्या दीर्घिकांतून येतात. वाटेतला प्रत्येक सुटा इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त रेंगाळवतो. त्यामुळे एकाच क्षणी निघालेल्या लहरींपैकी उच्च वारंवारतेच्या आधी पोहोचतात आणि नीच वारंवारतेच्या मागून, कधी सेकंदभर उशिरा. या उशिरावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद होते. २०२० साली जाँ-पिएर माकार आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीने टिपलेल्या मोजक्या स्फोटांवरून हिशेब मांडला आणि तो आद्य विश्वाच्या आकड्याशी जुळला. २०२५ मध्ये लियम कॉनर आणि सहकाऱ्यांनी ६९ स्फोट घेऊन वाटणीही सांगितली. साध्या द्रव्याचे सुमारे ७६ टक्के दीर्घिकांमधल्या अवकाशातच आहे. गेल्या दशकातला हा मला सर्वांत सुंदर वाटणारा शोध आहे.

एक गोष्ट अजून खुली आहे, आणि तिथे आल्फव्हेन यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एवढी चुंबकीय क्षेत्रे आली कुठून? लुडविग बिअरमान यांनी १९५० मध्ये दाखवले की तापमानाचा आणि घनतेचा उतार एका दिशेत नसेल तर प्लाझ्मात शून्यातून अतिक्षीण क्षेत्र तयार होते. खळबळ त्याला वाढवू शकते. पण समूहांच्या बाहेर, तंतूंमध्येही क्षेत्र आहे असे आता दिसते. २०१९ साली लोफार दुर्बिणीने एबल ३९९ आणि एबल ४०१ या दोन समूहांना जोडणारा रेडिओपूल दाखवला. तंतूंतले हे क्षेत्र दीर्घिकांमधून उडालेल्या झोतांनी पेरलेले की महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांपासून शिल्लक राहिलेले? दुसरे खरे निघाले तर आद्य विश्वाचे ते सर्वांत जुने जिवंत अवशेष ठरतील. आजची मोठी संगणकी विश्वे, उदाहरणार्थ २०१८ पासून प्रसिद्ध होत गेलेले इलस्ट्रिस टीएनजी, चुंबकीय क्षेत्र गणितात घेतात. पण सुरुवातीचे बीज मात्र त्यांना हाताने पेरावे लागते.

या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी दुर्बीण, स्क्वेअर किलोमीटर ॲरे, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत उभी राहत आहे. भारत तिचा सहभागी देश आहे, केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि भारतातल्या कामाचे नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएकडे आहे. तिची निरीक्षणे हाती येतील तेव्हा ती वाचणारी मुले आज महाविद्यालयांत आहेत. खगोलशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या अशा प्रत्येक विद्यार्थ्याला माझे सांगणे आहे की सापेक्षतेच्या जोडीने प्लाझ्माभौतिकी आणि चुंबकद्रवगतिकी आत्तापासूनच शिकायला घ्या. महाविद्यालयात तो विषय नसेल तर शिक्षकांकडे मागा.